ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन: गावाकडच्या घराने काय काय तयारी करायची

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, डाव्या बाजूचं ऑपरेशन होऊन आता दीड वर्ष होईल. आमचं घर देवगड तालुक्यात, कणकवली स्टेशनपासून एसटीने तासाभराच्या वर. वाडीत किंवा नात्यात कोणाला असं काही निघालं की हल्ली फोन मला येतो, आणि दर वेळी मी तेच तेच सांगते म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, पतपेढीत कॅशियर आहे, कागद आणि आकडे एवढंच मला जमतं. औषधाचं डॉक्टरांना विचारा, बाकीचं माझ्याकडून घ्या.

गाठ लागली की पहिले पंधरा दिवस

आईंना छातीतली गाठ हाताला लागली श्रावणात, आंघोळ करताना. आम्हाला सांगितलं कार्तिकात. मधे चवथ होती, मग दसरा, मग दिवाळी, आणि मनात एकच, "चवथ होवंदे, मगे बगू". दुखत नव्हती ना. ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही आणि दुखत नाही त्या गोष्टीसाठी आमच्याकडची बाई एसटीचं तिकीट काढत नाही. त्यामुळे घरातल्या बायकांना आधीच सांगून ठेवा की गाठ, काखेत गोळा, कातडी आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत, बोंड अचानक आत गेलेलं, बोंडातून रक्तासारखं पाणी, यातलं काहीही दिसलं तर सणबिण काही बघायचं नाही.

आमचा पुढचा वेळ गेला तो दवाखान्यात. एका ठिकाणी लावायला मलम दिलं, तीन आठवडे लावलं. दुसरीकडे म्हणाले छोटा कट देऊन गाठ काढून टाकू, एका दिवसात घरी. आम्ही तयार पण झालो होतो, तेवढ्यात माझी मावसबहीण जी मुंबईत स्टाफ नर्स आहे तिने फोनवर ओरडून थांबवलं. हे नीट लक्षात ठेवा, गाठ कसली आहे ते कळायच्या आधी ती काढून टाकायची नाही. कॅन्सर निघाला तर आजूबाजूचा किती भाग घ्यायचा, कट कुठे द्यायचा, काखेतल्या गाठींचं (म्हणजे प्रत्येकाच्या काखेत असतातच त्या लिम्फ नोडचं) काय, हे सगळं आधी ठरवून करायचं असतं, आणि अशी घाईत काढलेली गाठ असेल तर बहुतेक दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

क्रम असा असतो: डॉक्टर हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, मग सुईची बायोप्सी. बायोप्सीत पण दोन प्रकार आहेत, बारीक सुईची एफएनएसी आणि जाड सुईची ट्रू-कट. ट्रू-कटमध्ये मांसाचा बारीकसा तुकडा येतो आणि त्यावरच पुढच्या ईआर, पीआर, हर-टू या, कुठली औषधं लागू पडतील ते सांगणाऱ्या टेस्ट होतात, म्हणून शक्यतो तीच करून घ्या.

आणि हो, "गाठीला हत्यार लावू नये, पसरते" हे तुम्हाला किमान दहा जण सांगतील. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. लोकांनी असं बघितलेलं असतं की सुई लावली आणि सहा महिन्यांत माणूस गेलं, पण ते माणूस मुळात फार उशिरा गेलेलं असतं तिथे. आमच्याकडे देवळात कौल पण लावला. माझी त्याला ना नव्हती, आईंना बरं वाटलं. फक्त मी बायोप्सीची तारीख आधी घेऊन ठेवली होती, पाकळी कुठल्या बाजूची पडली ते नंतर.

फाईल

दोन रुपयांच्या पिशवीत रिपोर्ट कोंबून नेऊ नका. फ्लॅपवाली प्लॅस्टिकची फाईल घ्या, तारखेप्रमाणे लावा, प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. सोबत एक शंभर पानी वही. डॉक्टर बोलतात ते पाच मिनिटं असतं आणि त्या पाच मिनिटांत आपल्या कानात फक्त शिट्टी वाजत असते, म्हणून एकाने बोलायचं आणि एकाने फक्त लिहायचं.

सगळ्यात जास्त लोक विसरतात ते ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या एका छोट्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याच्या काचेच्या स्लाइड्स. मोठ्या हॉस्पिटलात गेलात की ते स्वतः परत बघतात. आम्ही रिपोर्ट नेला, ब्लॉक नेला नाही. मग माझा नवरा त्याच रात्री परत फिरला, कोल्हापूरच्या लॅबमधून सही करून ब्लॉक घेतला आणि फोंडा घाट उतरून पुन्हा गाडी. चार दिवस गेले. लॅबमध्ये मागितला की देतात, तुमचाच असतो तो.

आधारकार्ड, रेशनकार्ड आणि पहिल्या रिपोर्टवरचं नाव एकसारखं आहे का तेही आत्ताच बघा. आईंचं आधारवर सासरचं नाव, एका रिपोर्टवर सगळे हाक मारतात ते नाव. यावरून काउंटरवर जे काही होतं ते मी पतपेढीत रोज बघते, फक्त या वेळी मी काचेच्या दुसऱ्या बाजूला होते.

जायचं कुठे

कोकणातल्या माणसाला पहिलं नाव आठवतं ते परळचं टाटा. १९४१ पासून आहे, तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन प्रकारच्या फाईल निघतात, जनरलला खर्च बराच कमी आणि गर्दी बरीच जास्त. पण टाटाच एक आहे असं नाही. रत्नागिरीकडच्यांना सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल आहे, राजापूर आणि आमच्याकडचे बरेच जण घाट चढून कोल्हापूरला जातात, सावंतवाडी-बांद्याकडचे गोव्यात बांबोळीला.

माझं मत विचाराल तर हॉस्पिटलचं नाव शेवटी बघा, आधी फेऱ्या मोजा. ऑपरेशन एकदाच होतं. केमो लागली तर चार ते आठ फेऱ्या, बहुतेक दर एकवीस दिवसांनी. रेडिएशन लागलं तर आठवड्याचे पाच दिवस रोज, असे तीन आठवडे, कधी पाच. म्हणजे ऑपरेशन मुंबईला आणि केमो जवळ असंही करता येतं, डॉक्टरांना सरळ विचारायचं की यातलं काय आमच्या गावाजवळ चालेल, बऱ्याच वेळा ते स्वतः चिठ्ठी लिहून देतात. रेडिएशनला मशीन लागतं त्यामुळे तिथे मुक्काम करावाच लागतो हे धरून चाला.

राहायची सोय आधी. मुंबईत आपला एक तरी चाकरमानी असतोच, आम्ही भांडुपला नवऱ्याच्या काकांकडे राहिलो, दहा बाय बाराची खोली आणि त्यात आम्ही सात माणसं, काकींनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. कोणी नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, अशा ठिकाणी पेशंट आणि सोबतच्यांची सोय होते, हॉस्पिटलचं पत्र लागतं आणि वेटिंग असतं म्हणून फाईल निघाली की लगेच सोशल वर्करला गाठा.

प्रवासाचं सांगते. कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीला तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्याचा फॉर्म हॉस्पिटल भरून देतं, तो घेऊन रिझर्व्हेशनच्या खिडकीवर जायचं. आम्हाला तुतारी एक्स्प्रेस सोयीची पडली कारण ती थेट दादरला सोडते. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हे आम्हाला तिसऱ्या फेरीला कळलं, तोपर्यंत आई लेडीज डब्यात हाताची घडी छातीशी घट्ट धरून उभ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश चालतात, तेव्हा अपॉइंटमेंट सकाळची असेल तर आदल्या दिवशीच पोचा.

पैसे

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि आता सगळ्या रंगांची रेशनकार्डं चालतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, ऑपरेशनच्या तारखेच्या आधी त्याच्याकडे जायचं. आधी पैसे भरून मग योजना मागितली तर फार अवघड होतं. रेशनकार्ड ऑनलाइन झालेलं आहे का हे तहसीलला जाऊन आजच तपासा, आमचं नव्हतं. हेल्पलाइन १५५३८८. उरलेल्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज आणि ट्रस्ट, तिथे पण सोशल वर्करच वाट दाखवतो. सोनं मोडायचं ते शेवटी.

ऑपरेशन कसलं, हे बाईला विचारा

आम्ही इथे चुकलो म्हणून जरा सविस्तर. दोन मुख्य प्रकार. एकात फक्त गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढतात, स्तन राहतो, आणि नंतर रेडिएशन देतातच. दुसऱ्यात पूर्ण स्तन काढतात. ज्यांना पहिलं ऑपरेशन करता येण्यासारखं आहे त्यांच्यात दोन्हींनी माणूस जगण्यात फरक पडत नाही, अमेरिकेत आणि इटलीत झालेल्या मोठ्या चाचण्यांचा २० वर्षांचा हिशेब २००२ सालीच छापून आलाय. तरी आपल्याकडे "सगळं काढून टाका म्हणजे कटकट नको" असं घरातले पुरुष आणि शेजारपाजारच ठरवून मोकळे होतात.

आईंना डॉक्टरांनी विचारलं होतं, पण उत्तर आम्हीच दिलं. नंतर केव्हातरी त्या म्हणाल्या, माका कोणी इचारलाच खंय. आम्ही पूर्ण काढायला हो म्हटलं त्याचं खरं कारण रेडिएशनच्या मुंबईच्या फेऱ्या वाचतील हे होतं, आणि मग फायनल रिपोर्टमध्ये काखेतल्या १४ पैकी २ गाठींमध्ये कॅन्सर सापडला आणि रेडिएशन लागलंच. म्हणजे पूर्ण काढलं की रेडिएशन टळतं असं काही नसतं. डॉक्टरांना हे प्रश्न वहीत लिहून न्या: स्तन वाचवता येईल का, आधी केमो देऊन गाठ लहान करून मग ऑपरेशन होईल का, काखेतल्या सगळ्या गाठी काढणार की आधी एक-दोन पहारेकरी गाठी तपासून ठरवणार, नंतर काय काय लागायची शक्यता आहे. ती पहारेकरी गाठींची तपासणी, सेंटिनल म्हणतात, त्यात निळा रंग टोचतात आणि मग दिवसभर लघवी हिरवी-निळी होते, घाबरू नका.

ऑपरेशनचा दिवस

या दिवसाबद्दल लोकांना सगळ्यात जास्त भीती असते आणि खरं तर घरच्यांना सगळ्यात कमी काम याच दिवशी असतं. उपाशीपोटी नेतात, दोन-तीन तास लागतात, संध्याकाळी पेशंट बोलायला लागतो, दुसऱ्या दिवशी चालायला लावतात, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन दिवसांत घरी.

एक गोष्ट मात्र आधी करा. आत नेताना अंगावरचं सगळं काढावं लागतं. आईंच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, चाळीस वर्षांत मनगट जाड झालेलं, बांगड्या निघेनात. सिस्टर साबण घेऊन आली तरी निघेनात. शेवटी तिने त्या वाढवल्या, बेसिनजवळ, एकेक करून, आणि आई तोवर ज्या अजिबात रडल्या नव्हत्या त्या तिथे रडल्या. अण्णा म्हणजे माझे सासरे दाराबाहेर उभे होते, त्यांना आवाज ऐकू आला. हे घरीच करायला हवं होतं, आठवडाभर आधी, कासाराकडे नेऊन किंवा तेल लावून शांतपणे. मंगळसूत्र मी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं आणि त्यांच्या उशाला एक काळा दोरा ठेवला, बाहेर आल्यावर बांधायला.

बॅगेत पुढून उघडणारे कपडे. गाऊन नसेल तर नवऱ्याचे जुने सैल सदरे उत्तम, आईंनी महिनाभर अण्णांचेच घातले.

ड्रेन

ऑपरेशनच्या जागेतून एक किंवा दोन नळ्या बाहेर येतात, टोकाला दाबून ठेवायचा डबा किंवा फुगा असतो. आत साठणारं पाणी त्यात ओढलं जातं. नळीसकटच घरी पाठवतात आणि पुढचे दहा-पंधरा दिवस ही नळी म्हणजे घरातलं तान्हं बाळ समजा.

हात साबणाने धुवायचे. डब्याचं झाकण उघडून पाणी मापाच्या कपात ओतायचं, आकडा बघायचा, मग डबा पूर्ण दाबून हवा काढायची आणि दाबलेलाच असताना झाकण लावायचं. आम्ही पहिल्या दिवशी दाबलाच नाही. सकाळी बघतो तर डबा रिकामा आणि काखेत फुगवटा, आम्हाला वाटलं वा, पाणी कमी झालं. नळीत गुठळी अडकू नये म्हणून ती वरून खाली पिळायची असते, सिस्टर म्हणाली म्हशीचं दूध काढतात ना तसं, एका हाताने वरचं टोक घट्ट धरून दुसऱ्या हाताने खाली ओढत यायचं. वरचं टोक धरलं नाही तर टाक्यावर ओढ बसते आणि पेशंट किंचाळतो.

आकडा रोज त्याच वेळी लिहायचा. आम्ही भांडुपच्या कालनिर्णयवर लिहिला. १८०, १६५, १४०, १४०, ११० मिली. त्याच चौकोनात काकी दुधाचा रतीब लिहायच्या, त्यामुळे त्या महिन्यात दुधाचं बिल आणि ड्रेन दोन्हीचा घोळ झाला आणि दूधवाल्याला काय सांगावं ते कळेना. पाणी सुरुवातीला लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातं. चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली सलग दोन दिवस आलं की बहुतेक ठिकाणी नळी काढतात, तुमच्या डॉक्टरांचा आकडा वेगळा असेल तर तो धरा. आईंची तेराव्या दिवशी निघाली. म्हणून सांगते, नळी असताना गावाला परत येऊ नका, घाटात आणि गाडीत धक्के बसतात आणि काही झालं तर दाखवणार कोणाला.

नळी लटकती ठेवायची नाही. जुन्या साडीची पिशवी शिवून कमरेला नाडीने बांधायची, डबा जखमेच्या खालच्या पातळीला राहिला पाहिजे. नळी निघेपर्यंत अंग पुसायचं, आंघोळ नाही.

अचानक लालभडक रक्त भराभर यायला लागलं, नळी निसटली, पाणी येणं एकदम थांबून छाती फुगली, जखमेभोवती लाल गरम झालं, वास आला किंवा ताप आला तर सकाळची वाट बघू नका. नळी काढल्यावर पण कधी कधी पाणी साठतं, हाताला पाण्याच्या पिशवीसारखं लागतं, डॉक्टर सुईने काढतात, साधी गोष्ट आहे.

आमच्याकडे रोज सकाळी तो कप अण्णा धुवायचे. सांगितलं नव्हतं कोणी. आयुष्यात स्वतःची चहाची कपबशी न उचललेला माणूस.

हात

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि हिच्याकडेच कोणी बघत नाही, कारण जखम भरली की सगळ्यांना वाटतं झालं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी वाहून जायच्या वाटा कमी होतात. मग तो हात सुजू शकतो, महिन्यांनी किंवा काही वर्षांनीसुद्धा, आणि एकदा पक्का सुजला की पूर्ण पहिल्यासारखा होणं कठीण. शिवाय दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, तिथली नस ऑपरेशनमध्ये दुखावते. आईंना चुलीवरचं भांडं दंडाला लागलेलं कळलंच नाही, फोड आल्यावर बघितलं.

व्यायाम पहिल्या दिवसापासून: मूठ उघड-मीट, कोपर वाकवणं, खांदे गोल फिरवणं. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. नळी निघाली आणि डॉक्टर हो म्हणाले की भिंतीवर बोटं चढवायची, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर वर न्यायची, जिथे थांबतील तिथे खूण. आम्ही पडवीच्या भिंतीवर कोळशाने खुणा केल्या, बाजूला तारीख. पहिली खूण खांद्याच्या थोडी वर होती, पंधरा दिवसांनी कालनिर्णयच्या खिळ्याला बोट लागलं. काखेतून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखं वाटलं तर ते पण होतं बऱ्याच जणींना, व्यायाम सोडायचा नाही, फिजिओला दाखवायचं. तेल लावून जोरात चोळणं, शेक देणं, हाडवैद्याकडे नेणं, यातलं काही करायचं नाही.

आता कोकणातल्या बाईचा हात दिवसभर कुठे कुठे जातो बघा. विहिरीवर दोर ओढणं, कळशी कमरेला, आडाळ्यावर नारळ खवणं, मासे कापणं, काजूच्या ओल्या बिया सोलणं, पातेरा गोळा करणं, लावणी. हॉस्पिटलच्या छापील कागदावर "जड वस्तू उचलू नये" एवढंच असतं. मी आमच्यापुरती यादी केली ती अशी. पाणी ओढणं आणि हांडा-कळशी त्या हाताने बंद, पहिले सहा आठवडे तर दोन किलोच्या वर काहीच नाही, नंतर हळूहळू वाढवायचं. मासे दुसऱ्याने साफ करायचे, निदान शिंगाळा आणि काटेरी मासळी, कारण एक काटा घुसला आणि हातात इन्फेक्शन गेलं की सूज तिथूनच सुरू होते, कालवं फोडणं तर अजिबात नाही. काजूच्या बियांच्या चिकाने साल निघते, तेही दुसऱ्याने. बागेत जायचं तर रबरी ग्लोव्हज आणि लांब बाह्या. कुठेही कापलं, खरचटलं तर धुवून औषध, आणि लाल पट्टा वर चढायला लागला किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

इंजेक्शन, रक्त काढणं आणि बीपी शक्यतो दुसऱ्या हाताला. आरोग्य केंद्रात घाईत जो हात पुढे येतो तोच पकडतात, म्हणून आम्ही त्या मनगटाला लाल दोरा सैल बांधला, दोरा दिसला की आई स्वतःच हात मागे घेतात.

माप घ्या. शिंप्याची टेप, दोन्ही हात, मनगट, मनगटापासून दहा सेंटिमीटर आणि वीस सेंटिमीटरवर, महिन्यातून एकदा. दोन सेंटिमीटरचा फरक दिसला, हात जड वाटायला लागला, बाही घट्ट झाली, तर फिजिओ. वेळेत गेलात तर हातावर चढवायचा घट्ट मोजा आणि विशिष्ट प्रकारच्या हलक्या मसाजने सूज आटोक्यात राहते.

आणि खरं अवघड हे आहे की बाई ऐकत नाही. आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस आले आणि मी ऑफिसमधून आले तर आई खळ्यात बसून पेंढा पसरतायत. बोलले तर म्हणाल्या, "हात काय गळान पडलो नाय माझो." मग काम काढूनच न घेता बदललं. फळ निवडणं, मोजणं, पेटीवर नाव घालणं त्यांच्याकडे, उचलणं नवऱ्याकडे. नुसतं बसवून ठेवलंत तर ती तुमच्या पाठीमागे विहिरीवर जाणारच.

केमो आणि रेडिएशन, थोडक्यात

फायनल रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे जातात, त्यावर पुढचं ठरतं. लाल औषधाची केमो असेल तर आधी हृदयाची टू-डी इको करतात, आणि केमोच्या दिवशी लघवी लाल होते. केस दोन-तीन आठवड्यांत जातात, आईंनी आधीच बारीक कापून घेतले, उशीवर गठ्ठा बघण्यापेक्षा बरं. ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, थेट हॉस्पिटल, कारण केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खाली असतात. गावातून रात्री गाडी कोणाची मिळेल, कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं, हे पहिल्या केमोच्या आधी ठरवून नंबर भिंतीवर लावा.

खाण्याचं: मासळीच्या वासाने उलटी यायची तेव्हा पेज, कुळथाची पिठी, उकडलेली अंडी. कच्चं आणि उघड्यावरचं नको. लक्ष्मणफळाचा पाला, गोमूत्र, साखर बंद, हे सगळं व्हॉट्सॲपवर येईल. कुठलाही काढा सुरू करायचा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

रेडिएशनला दुखत नाही, कातडी काळी पडते. त्यासाठी अंगावर केलेल्या खुणा पुसू नका, सुती कपडा, साबण-पावडर-तेल विचारल्याशिवाय नाही. आमचं जुलैत आलं, मुंबईचा दमटपणा आणि काखेत घाम, त्यामुळे काखेतली साल निघाली, पंधरा दिवसांत भरली.

रिपोर्टमध्ये ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी. ती बंद करायची नाही, बरं वाटतंय म्हणून तर नाहीच. सांधे दुखतात काही गोळ्यांनी, ते डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

भेटायला येणारे

शहाळी घेऊन येतील आणि "पूर्ण काढला काय?" असं पडवीतच विचारतील. एका माणसाला दारात बसवा. आमच्याकडे ते काम नणंदेने केलं, ती म्हणायची आई झोपल्यात, चहा घ्या. केमो चालू असताना सर्दी-खोकलेवाल्याला तिने अंगणातूनच परत पाठवलं, सख्ख्या मामांना सुद्धा.

ब्लाऊजचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. एका बाजूला वजन नसलं की खांदा कलतो आणि पाठ दुखते. सुरुवातीला कापसाचं हलकं पॅड, जखम पूर्ण भरली की सिलिकॉनचं मिळतं, आणि सुती दोऱ्याचे विणलेले पण मिळतात, निटेड नॉकर्स इंडियाच्या बायका ते विणून फुकट पाठवतात. आमच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनीने ब्लाऊजला आतून खिसा लावून दिला, आईंनी तिला काही सांगितलं नव्हतं, माप घेताना तिनेच ओळखलं.

हा आजार लागट नाही, ताट-तांब्या वेगळा करू नका. मुलींनी आणि बहिणींनी मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलून तपासणी कधीपासून करायची ते ठरवा. नणंदेची मॅमोग्राफी झाली, ठीक आहे.

नंतरचं

पहिली काही वर्षं तीन ते सहा महिन्यांनी दाखवायला जायचं, दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी वर्षातून एकदा. फाईल माळ्यावर टाकू नका. वही चालू ठेवा, आमची तिसरी आहे.

यंदा आंगणेवाडीच्या जत्रेला आई आल्या, दीड वर्षानंतर पहिल्यांदा गर्दीत. ओटी भरून झाल्यावर सरळ बांगडीवाल्यापाशी जाऊन बसल्या. उजव्या हातात नेहमीच्या हिरव्या भरल्या. डावा हात पुढे केला तेव्हा मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, ह्या हातात काचेची नको, आणि एक नंबर मोठी दे. दोन पितळी घेतल्या, सैल, कोपरापर्यंत सरकतात. रोज सकाळी त्या सरकवून बघतात. ज्या दिवशी अडतील त्या दिवशी टेप काढायची असं आमचं ठरलंय.